वन्संचे उशिराचे टमाटे

अमरावतीला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान महसूल खात्यात कारकून होते. घरात आम्ही दोघं, आमची लहान मुलगी आणि यजमानांची थोरली बहीण. त्यांना मी वन्सं म्हणत असे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्या विधवा झाल्या होत्या. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं, मग माहेरी आणून सोडलं. वडील गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं आणि पुढेही ते त्यांच्याकडेच राहिलं. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. मी वरकाम करी, मुलीचं पाही, दुपारी वाचत पडे. वन्सं माझ्याशी वाईट वागल्या नाहीत आणि फार बोलल्याही नाहीत. एका छताखाली सात-आठ वर्षं काढूनही त्यांना काय आवडतं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

घराच्या पुढच्या भागात मालक राहत. ते निवृत्त मास्तर होते, बायको सोवळ्याओवळ्याची कडक. मागच्या अंगणात विहीर होती, तिला रहाट होता आणि विहिरीच्या पलीकडे काट्यांच्या कुंपणापर्यंत थोडी मोकळी जमीन होती. कुंपणापलीकडच्या घरात एक बौद्ध कुटुंब नुकतंच राहायला आलेलं. नवरा सरकारी नोकरीत, बायको तिवशाकडच्या खेड्यातली, शेतात राबलेली. आम्ही त्यांना ओळखत होतो ते कुंपणावरून दिसण्यापुरतंच.

यजमानांना बागेची हौस होती, म्हणजे दुसऱ्यांनी राखलेल्या बागेची. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांनी कचेरीतल्या कुणाकडून टमाट्याची रोपं आणली आणि त्या मोकळ्या जागेत लावली. लावून झाल्यावर त्यांचं काम संपलं. पाणी घालणं वन्संकडे आलं, कारण विहिरीवर जास्त वेळ त्याच असत. खरं तर वन्संच्या लेखी टमाटा हे खाणंच नव्हतं. कापलं की आतून मांसासारखं दिसतं म्हणत आणि चुलीजवळ येऊ देत नसत. यजमानांना हवे असले की मी मागच्या ओसरीवर शेगडी पेटवून वेगळ्या पातेल्यात भाजी करी. ते पातेलंही ओसरीवरच पालथं पडलेलं असे.

पीक बरं आलं. दिवाळीच्या आसपास रोज दोन-चार तांबडी फळं निघत होती. मग पानं आखडली, पिवळी पडली. मार्गशीर्षात यजमान म्हणाले, "झालं आता. उपटून टाका आणि जागा साफ करून ठेवा."

वन्संनी झाडं उपटली. पण शेवटची काही फळं त्यांनी झाडावरच पार पिकू दिली होती. एका सकाळी मी ओसरीवर आले तर त्या ती फळं फोडून बिया राखेत चोळत बसल्या होत्या. ज्या फळाला त्या एरवी बोट लावत नसत, त्याच्या रसाने त्यांची दोन्ही मनगटं भरली होती.

"काय करता वन्सं?"

"बी धरते," त्या म्हणाल्या. आणि उठून हात धुवायला गेल्या.

पौषात त्यांनी फुटक्या टोपलीत माती आणि शेणखत घालून ते बी पेरलं. रोपं वर आली, बोटभर झाली. संक्रांतीनंतर त्या ती वाफ्यात लावत होत्या तेव्हा शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी धुणं वाळत घालत होते. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आता भेदरे लावून राहिल्या काय?"

तिकडे खेड्यात टमाट्याला भेदरं म्हणत.

"हो," वन्सं म्हणाल्या.

"टाइम निंगून गेला ना. फुलं येतीन तवा ऊन पडीन. फुलं गळून जातीन सारी."

"सगळी गळतील?"

"सारी म्हणजे... मले बी काय मालूम. आमी उन्हाळ्यात कदी लावले नाई. कोणी लावतच नाई."

"मग पाहू," वन्सं म्हणाल्या आणि पुढचं रोप हातात घेतलं.

यजमानांनी संध्याकाळी वाफा पाहिला आणि हसले. आक्काला काहीतरी चाळा हवाच, असं म्हणाले. ते तिथेच संपलं असतं. पण होळीच्या थोडं आधी त्यांची अकोल्याला बदली झाली. हुकूम आला तो आठ-दहा दिवसांत हजर होण्याचा. यजमानांनी रात्रीच्या जेवणाला बसताना सांगितलं. मला आनंद झाला. अकोल्याला माझी मावशी होती आणि अमरावतीच्या त्या घरात मला उगीच कोंडल्यासारखं होई. कोणत्या ट्रंकेत काय भरायचं, मुलीला आधी मावशीकडे ठेवावं की काय, असं आमचं बोलणं चाललं होतं. वन्सं वाढत होत्या. भाकरी यजमानांच्या ताटात टाकून त्या म्हणाल्या, "मी नाही येत."

यजमानांना वाटलं त्या धुळवडीच्या आधी निघण्याबद्दल बोलताहेत. "धुळवड झाल्यावरच निघू," ते म्हणाले.

"तसं नाही. झाडं आत्ता कुठे फुलावर आली आहेत. फळ निघेपर्यंत मी इथेच राहते."

यजमानांचा घास हातात राहिला. मग ते हसू लागले. वन्सं हसल्या नाहीत.

"आक्का, टमाट्यांसाठी कधी माणूस मागे राहतं का?"

"मी राहते की."

"एकटी?"

"मालकीणबाई पुढे आहेत. चैत्र संपेपर्यंत जागा आपल्याकडे आहे, तूच म्हणालास मघाशी."

"लोक काय म्हणतील? भावानं विधवा बहिणीला टाकून दिली म्हणतील."

वन्संनी त्यांना आमटी वाढली. यजमानांनी आणखी दोन-तीनदा विषय काढला, एकदा आवाज चढवला, एकदा मायेने समजावलं. वन्सं ऐकून घेत आणि शेवटी तेच म्हणत, की फळ निघालं की पाहू. त्यांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं आम्ही ऐकलंच नव्हतं. त्यामुळे त्यांचं नाही कसं परतवायचं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मला चीड आली होती. नव्या गावात घर लावायचं, मूल लहान आणि सगळा स्वयंपाक माझ्यावर येणार. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही.

रंगपंचमीनंतर आम्ही गेलो. वन्संनी आम्हाला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि टांगा वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

अकोल्याला आम्हाला घर मिळालं ते पश्चिमेकडे दारं असलेलं. दुपारनंतर भिंतींना हात लावता येत नसे. स्वयंपाक मला येत नव्हता असं नाही, पण रोज दोन्ही वेळा, एकटीनं, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच करत होते. वरण कधी पातळ होई, कधी करपे. यजमान मुकाट्यानं जेवत. एकदा मुलगी म्हणाली, "आत्याचा भात मोकळा असतो." यजमानांनी तिला दटावलं. पण नंतर पान अर्धं ठेवून उठले.

रामनवमीच्या सुट्टीत ते वन्संना आणायला गेले. सकाळच्या गाडीने गेले, बडनेऱ्याला बदलून दुपारी अमरावतीला पोचले असतील. दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. हातात एक लहानशी करंडी होती, तिच्यात गवत आणि गवतात पाच-सहा टमाटे, अर्धे हिरवे.

"येत नाही म्हणते," ते म्हणाले. "अजून पुष्कळ फळ झाडावर आहे म्हणते."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. काळी पडली आहे उन्हानं." मग करंडी खाली ठेवून म्हणाले, "शेजारीण विहिरीवर होती."

"कोण शेजारीण?"

"कुंपणापलीकडची. आपल्या विहिरीवर पाणी काढत होती."

यजमान सुधारक नव्हते आणि कर्मठही नव्हते. त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं होतं. मलाही वाटलं. मालकीणबाईंच्या विहिरीवर आमच्या कामवालीलाही दोराला हात लावायची मुभा नव्हती.

अक्षय्य तृतीया झाली तरी वन्संचा पत्ता नव्हता. चैत्र संपून जागेची मुदतही सरली होती. मग मीच मुलीला घेऊन गेले. निघताना यजमान म्हणाले, "घेऊनच ये. तुझं ऐकेल." माझं त्या का ऐकतील, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी पोचले ती भर दुपारची. वन्सं घरात नव्हत्या. मागे गेले तर विहिरीपलीकडचा वाफा ओळखू येईना. चारी बाजूंनी पऱ्हाट्या रोवल्या होत्या, कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात त्या. त्यांच्यावर जुनी बारदानं ताणली होती आणि बारदानांवर पाणी शिंपडलेलं होतं. त्या मांडवाखाली वन्सं उकिडव्या बसून झाडं सुतळीने काड्यांना बांधत होत्या. निम्मी झाडं तरी जळून गेली होती. उरलेल्यांवर लहान लहान फळं होती, काही तडकलेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर ओलं फडकं. मुलगी त्यांना ओळखेना, माझ्या मागे लपली.

"आलात?" त्या म्हणाल्या. "आत बसा, ऊन आहे. एवढं बांधते नि येते."

विहिरीवर शेजारीण रहाट ओढत होती. पोहरा वर आला की ती तो वाफ्याशी नेई, वन्सं घेत, तांब्याने एकेका झाडाच्या आळ्यात ओतत. पुढचे दोन पोहरे ती स्वतःच्या घागरीत रिकामे करी. दोघींच्यात फार बोलणं होत नव्हतं. काम बसून गेलं होतं.

पाणी कसं सुरू झालं ते मला वन्संनी संध्याकाळी सांगितलं, मी विचारलं म्हणून. चैत्रात गल्लीतला नळ आटला. शेजारीण लांबून कुठून तरी घागरी आणायची. इकडे वन्संना झाडांसाठी पहाटे आणि संध्याकाळी पाणी ओढायचं, आणि त्यांच्या खांद्यात कळ आलेली. एका सकाळी त्यांनी कुंपणावरून हाक मारली. मला दोर ओढवत नाही, तुम्हाला पाणी पाहिजे, या इकडे.

"ती लगेच आली?"

"नाही. म्हणाली, 'मालकीणबाई बोंबलतीन ना ताई. मंग तुमालेच तरास.' मी म्हटलं, बोंबलू देत, झाडं मरताहेत."

"मग मालकीणबाई?"

"बोलल्या. पुष्कळ बोलल्या. विहीर बाटली म्हणाल्या."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मी ऐकून घेतलं. मला सवय आहे."

मालकीणबाईंनी त्या विहिरीचं पाणी भरणं बंद केलं होतं. मास्तर स्वतः बादली घेऊन दुसऱ्या आळीतून पाणी आणू लागले. पण चैत्रातलं ऊन आणि मास्तरांचं वय. आठवडा झाला नाही तोच एके दिवशी बाई आपला पोहरा घेऊन विहिरीवर आल्या, शेजारणीचं काढून होईपर्यंत दहा पावलं लांब उभ्या राहिल्या आणि मग स्वतःचं पाणी भरून गेल्या. त्यानंतर तसंच चालू राहिलं. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. मी असतानाही तेच पाहिलं.

रात्री अंगणात बाजा टाकून आम्ही पडलो होतो. मुलगी झोपली होती. मला वन्संशी बोलायचंच होतं, नाहीतर यजमानांना जाऊन काय सांगू?

"वन्सं, फळ आता संपत आलं. चला ना अकोल्याला."

त्या मुलीला वारा घालत राहिल्या.

"तुम्हाला टमाटे आवडायला लागले की काय?" मी थट्टेनं विचारलं.

"एक खाऊन पाहिला. नुसता आंबट आहे. तुम्ही लोक काय एवढं खाता कळत नाही."

"मग कशासाठी राहिलात?"

त्या बाजेवर उठून बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मी आजवर चार घरं बदलली. सासर, मग बाबांचं घर, मग तुमची आधीची जागा, मग ही. दर वेळी गाडी दाराशी आली की मला कळायचं आपण निघालो. या वेळी त्यानं जेवताना सांगितलं. आठ दिवस आधी. मला वाटलं, सांगितलंय तर आपणही काही बोलून पाहावं."

"ते तुम्हाला सांगत नव्हते हो. मला सांगत होते."

"ते ठाऊक आहे," वन्सं म्हणाल्या. "पण मी तिथेच होते."

मी त्यांना पुन्हा चला म्हटलं नाही. माझं मन हेलावलं वगैरे म्हणणार नाही. मला इतकंच कळलं की या येणार नाहीत आणि आता अकोल्याचा स्वयंपाक मलाच नीट शिकायला हवा. दुसऱ्या दिवशी त्यांना मी विचारलं की तुमचा भात मोकळा कसा होतो. त्यांनी तांदूळ किती वेळ निथळत ठेवायचे ते दाखवलं. आमच्यातलं ते बहुधा सगळ्यात लांबलेलं बोलणं असेल.

पुढे काय झालं ते सांगते. ज्येष्ठ लागायच्या आधी झाडं पूर्ण वाळली. शेजारणीचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं होतं, फुलं फार गळली. पण सगळी गळली नाहीत. आमच्या तीन खोल्या मालकांनी दुसऱ्या बिऱ्हाडाला दिल्या आणि वन्संना विहिरीजवळची लाकडं ठेवायची खोली मोकळी करून दिली. हे मालकीणबाईंनीच मास्तरांना करायला लावलं, याचं आम्हाला फार नवल वाटलं. बाईंना संधिवात होता आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी असणं त्यांच्या सोयीचं होतं, हेही खरं. तिथल्या एका महिला मंडळाने तेव्हा बालवाडी काढली होती. मुलांना घरून आणायचं, परत पोचवायचं, दुपारचा खाऊ करायचा, यासाठी त्यांना बाई हवी होती. वन्सं तिथे लागल्या. मुलांची एक ओळ त्यांच्यामागून गल्लीतून जाई आणि त्या ओळीत शेजारणीची धाकटी सर्वांत पुढे असे, असं यजमान सांगत. ते दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन पाहून येत. सुरुवातीला त्यांना आणायला म्हणून जात, नंतर नुसतेच जाऊ लागले.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या दिवाळीला वन्सं पहिल्यांदा आमच्याकडे अकोल्याला आल्या. हातात स्वतःची पिशवी होती आणि मुलीसाठी स्वतः शिवलेलं परकर-पोलकं. मी त्यांच्यासाठी पाट मांडला. त्या बसेनात. "आधी तुम्ही सगळे जेवून घ्या, मी वाढते," असं म्हणून चुलीकडे वळल्या.

"वन्सं, तुम्ही पाहुण्या आहात," मी म्हटलं.

त्या जरा गोंधळल्या. पाटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग बसल्या. माझ्या हातचं त्या पहिल्यांदाच बसून जेवत होत्या. भाजीत मीठ कमी होतं. त्यांनी मागून घेतलं नाही, मीच नंतर चाखल्यावर कळलं. भाऊबीजेला ओवाळणी घेतली आणि बालवाडी उघडायची आहे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेल्या. यजमान राहा म्हणत होते. मी म्हटलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी यजमानांची दाट जंगलातल्या धारणीला बदली झाली. तिथले रस्ते तेव्हा असे होते की आमचे स्वतःचे नातेवाईकसुद्धा यायचं टाळत. एका हिवाळ्यात दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते, तर समोर एक जीप थांबली. मागे दाटीवाटीने माणसं, कोंबड्या, पोती, आणि त्यांच्यातून वन्सं खाली उतरल्या. परतवाड्यापर्यंत बसने आणि तिथून त्या जीपमध्ये. कळवलं नव्हतं, काही नाही. मी घाबरले. मला वाटलं काही वाईट बातमी आहे.

"काय झालं वन्सं? एकट्याच कशा आलात?"

"काही झालं नाही," त्या लुगड्यावरची धूळ झटकत म्हणाल्या. "बालवाडीला सुट्टी होती. जंगल म्हणून म्हणतात ते कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं तुम्ही इथे आहात तोवर पाहून घ्यावं."

संध्याकाळी यजमान त्यांना गावाबाहेरच्या टेकाडापर्यंत घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. त्या चुलीशी हात शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "झाडं खूप आहेत. पाणी कोण घालतं कुणास ठाऊक." आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं.